सादिकची केबिन

नळदुर्गात सादिकला सगळे क्रेनवाला म्हणत. बांधकामावरच्या उंच क्रेनच्या टोकाला काचेची केबिन असते ना, हैदराबादेत तिच्यात बसून तो सळया, फळ्या, सिमेंट वर चढवायचा. सणाला गावी आला की हायवेवरच्या धाब्यावर लोक त्याला घेरून बसत. "तिथनं गोवळकोंडा दिसतो का रं?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "गोवळकोंड्याचं काय घेऊन बसलात, तुमची गच्चीवर वाळत घातलेली लुंगी दिसती." आणि सगळे हसायचे.

यंदा तो सण नसताना आला. त्याच्या बायकोनं, नूरुन्निसानं दार उघडलं तेव्हा तो खांद्यावरची बॅग न उतरवता उंबऱ्यातच उभा राहिला, जणू कुणी आत ये म्हणायची वाट बघत होता. तिनं बॅग काढून घेतली, हाताला धरून आत नेलं. काय झालंय ते तिला फोनवर कळलेलं होतं.

क्रेनवाल्याला वरून सगळं दिसतं असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं. माल कधी उचलायचा, कुठं टेकवायचा, हे खाली उभा असलेला माणूस हाताच्या खुणा करून आणि वॉकीटॉकीवर सांगतो. सादिकच्या क्रेनखाली हे काम शिवशंकर करायचा. तो जळकोटचा. नळदुर्गाहून जळकोट म्हणजे एक पान चघळून होईस्तोवर गाडीनं पोचावं एवढंच अंतर, पण दोघांची ओळख झाली ती हैदराबादेत, चहाच्या गाड्यावर. एकानं "लई ग्वाड केलाय चहा" म्हटलं आणि दुसऱ्यानं मान वळवून विचारलं, "कुठलं म्हणायचं गाव?" तेव्हापासून दोघं सुट्टीलाही एकाच बसनं यायचे.

त्या दिवशी सळयांचा भारा अर्ध्या वाटेवर असताना त्याला बांधलेला पट्टा तुटला. भारा शिवशंकरच्या अंगावर आला. पुढं चौकशी झाली. पट्टा झिजलेला होता, तो बदलायचं काम दुसऱ्या माणसांचं होतं, सादिकनं खुणेबरहुकूमच उचललं होतं, हे सगळ्यांनी मान्य केलं. पण जबाब देण्यात तो अडकून पडला आणि शिवशंकरची माती जळकोटात त्याच्याशिवायच झाली. मुकादम म्हणाला, घरी जाऊन ये थोडे दिवस. सादिक घरी आला तो परत गेला नाही.

त्याला काही वाटत नव्हतं, आणि हे त्याचं त्याला कळत होतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. नूरुन्निसा जेवायला वाढायची, तो जेवायचा. भाजीत मीठ राहिलं तरी जेवायचा. एकदा तिनं मुद्दाम विचारलं, "कशी झालीया भाजी?" तो म्हणाला, "चांगली हाय." तिनं घास घेतला आणि ताट उचलून आत नेलं. भेटायला येणारे म्हणत, नशीब तुझं, तुझ्यावर काही आलं नाही. तो मान हलवायचा. रात्री अंथरुणावर पडून राहायचा, डोळा लागायचा नाही. रडू येईल म्हणून त्यानं काही दिवस वाट बघितली, मग वाट बघणंही सोडून दिलं.

जळकोटला जाऊन शिवशंकरच्या आईला भेटून या, असं नूरुन्निसा अधूनमधून म्हणायची. "जातो की," तो म्हणायचा. तिथंच ते राहायचं.

त्याचा चुलतभाऊ आसिफ हायवेच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचा. दुकानात मागच्या बाजूला कॉम्प्युटर होता. गिऱ्हाईक नसलं की आसिफ त्याच्यावर ट्रक चालवायचा खेळ खेळायचा. सादिकनं घराबाहेर पडावं म्हणून तो त्याला दुकानात आणून बसवायचा आणि आपलं काम करत राहायचा. बाहेर हैदराबादकडचे खरे ट्रक धडधडत जायचे आणि आत आसिफ पडद्यावरचा ट्रक रिव्हर्स घ्यायचा. सादिक बघतोय की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही.

एक दिवस सादिक आपणहून बोलला.

"क्रेनचा असतो का रं असला खेळ?"

आसिफ चमकला. विचारावं की नको, असं त्याला झालं. "असंल," तो म्हणाला. "बघू का?"

"बघ."

खेळ सापडला. उंच क्रेन, खाली बांधकाम, पिवळ्या टोप्या घातलेली माणसं. सादिक खुर्ची ओढून बसला. कळा दाबून आकडा खाली सोडला, वर घेतला आणि हात मागं घेतले.

"असं नसतं," तो म्हणाला. "कळ दाबली की झालं, असं नसतं. दांड्याला हलकं रेटावं लागतंय. हाताला कळलं पाहिजे, किती वजन हाय ते."

आसिफनं दोन दांडे मागवले, जॉयस्टिक म्हणतात ते. टेबलाच्या दोन्ही कडांना ते आवळले. पण दांडा रेटला की टेबल हलायचं, कॉम्प्युटरचा पडदा थरथरायचा. सादिक थोडा वेळ खेळला आणि म्हणाला, "केबिन करावी लागंल."

एवढ्या दिवसांत त्यानं हे एकच काही तरी मागितलं होतं. आसिफनं हो म्हटलं.

पहिला सांगाडा त्यांनी दुकानातल्या खिडकीच्या सेक्शनचाच केला. आतून पोकळ, पातळ पत्र्याचा. सादिक त्याच्यावर बसला तेव्हा तो मोडक्या बाजेसारखा एका बाजूला कलला. आसिफला हसू आलं, सादिकला नाही. त्यानं खाली वाकून सांधे बघितले आणि सगळं खोललं. मग आसिफनं पुण्याहून जाड प्रोफाइल मागवलं. कारखान्यांत मशिनींच्या खाली वापरतात ते, चारी अंगांना लांबच्या लांब खाच असलेलं. खाचेत नट सरकवायचा, हव्या त्या जागी आणायचा आणि वरून बोल्ट आवळायचा. वेल्डिंग नको, भोकं नकोत. चुकलं तर सैल करून पुन्हा सरकवता येतं.

आसिफच्या डोक्यात मोटारीच्या शर्यतीवाल्यांची खुर्ची होती. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. पुढं गोल स्टिअरिंग, डोळ्यांसमोर पडदा, पायात पेडल.

"ह्यातलं काय नको," सादिक म्हणाला. "खुर्ची उंच पाहिजे. दांडे दोन्ही हातांशी. आन् टीव्ही खाली."

"खाली म्हंजे?"

"पायात. दोन पायांच्या मधी, तिरका."

"पायात टीव्ही कोण लावतंय, भाई?"

"क्रेनमधी पायाखाली काच असती. माणूस समोर बघत न्हाई. खालीच बघतो."

आसिफनं टेप उचलला.

सादिकच्या घरातल्या पुढच्या खोलीत काम सुरू झालं. दिवाण बाहेर व्हरांड्यात गेला. आसिफ दुकानातल्या कटरवर तुकडे कापून आणायचा, सादिक त्यांच्या कडा कानशीनं घासायचा. चौकट जुळवली की समोरासमोरच्या कोपऱ्यांत टेप ताणून दोन्ही मापं सारखी येतात का बघायचा, काटकोन बघायला गुण्या लावायचा, एका बाजूचा बोल्ट सैल करून रबरी हातोडीनं टिचकी मारायचा, पुन्हा टेप लावायचा. कुणी बोललं तर उत्तर द्यायचा, नाही तर नाही. खुर्ची सोलापूरच्या भंगारातून आली, कुठल्या तरी जुन्या मोटारीची. नूरुन्निसानं तिला नवं कापड शिवलं. ते लावताना तिनं विचारलं, "घट्ट बसलंय का?" त्यानं हात फिरवून बघितला. "बसलंय," तो म्हणाला. तिला तेवढंही बरं वाटलं.

एकदा आसिफ ओरडला, "भाई, हात बघा!" सादिकनं बघितलं. पांढऱ्या धातूवरून रक्ताची रेघ खाचेत उतरत होती. अंगठा कापलेल्या कडेवर चांगलाच चिरला होता. त्यानं आधी फडक्यानं खाच पुसली, मग अंगठा बांधला. "दुखत न्हाई का?" नूरुन्निसानं विचारलं. "दुखत असंल," तो म्हणाला.

केबिन उभी राहिली. उंच खुर्ची, तिच्या दोन्ही हातांशी दांडे, पायांमध्ये तिरका टीव्ही आणि भोवती पांढऱ्या प्रोफाइलची चौकट. दोन पायऱ्याही केल्या होत्या चढायला. आसिफनं दुकानातला कॉम्प्युटर आणून टीव्हीला जोडून दिला. शेजारपाजारच्या बायका दारातून डोकावून गेल्या. मोठा माणूस घरी बसून टीव्हीचा खेळ खेळतो, असं दोघी-तिघी बोलल्याचं नूरुन्निसाच्या कानावर आलं. तिनं कुणाला काही समजावलं नाही.

सादिक रोज दुपारी केबिनीत चढायचा. खेळात पुष्कळ कामं होती. भिंती बसवा, टाक्या चढवा, गुण मिळवा. तो त्यातलं काही करायचा नाही. सळयांचा भारा आकड्याला लावायचा, सावकाश वर घ्यायचा, स्लॅबवर टेकवायचा. मग तोच भारा पुन्हा खाली, पुन्हा वर. भारा हलला तर दांडा बेतानं उलट रेटून त्याचा झोका मोडायचा. खेळात पट्टा कधी तुटत नसे. दिवस मावळायला आला की उतरायचा आणि हातपाय धुवायचा. बरं वाटतं का, असं आसिफ विचारायचा. सादिकला खरंच सांगता यायचं नाही. वाईट वाटत नव्हतं. कामावरून आल्यासारखं वाटायचं, बस.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. त्याला शिवशंकरचा चेहरा दिसायचा. पट्टा तुटला त्या क्षणी शिवशंकरनं वर, केबिनीकडं बघितलं होतं. डोळे मोठे झालेले, काही तरी विचारल्यासारखे. केबिनीत बसला की पडद्यावरच्या पिवळ्या टोपीखाली तोच चेहरा यायचा. सादिकला त्याची भीती वाटत नव्हती. तो चेहरा यायचा आणि सादिक भारा वर घ्यायचा.

बाजाराच्या दिवशी एक म्हातारी बाई दारात येऊन उभी राहिली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग ठेवायची चांदीची डबी, हातात बाजाराची पिशवी. "क्रेनवाल्या सादिकचं घर हेच न्हवं का?" तिनं विचारलं.

"व्हय. तुमी?" नूरुन्निसा म्हणाली.

"मी इरम्मा. जळकोटची. शिवशंकरची आई."

नूरुन्निसानं पुढं होऊन पिशवी घेतली, पाणी दिलं, व्हरांड्यातल्या दिवाणावर बसवलं. आतून दांड्यांची टकटक ऐकू येत होती. ती आत गेली. "अवो, खाली उतरा. शिवशंकरची आई आलीया."

सादिक उतरला. बाहेर येऊन इरम्मासमोर उभा राहिला. एवढ्या दिवसांत काय बोलायचं हे त्यानं कितीदा तरी मनात जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"मावशी, मी यायला पायजे होतं," तो म्हणाला.

"यायचं व्हतं. मी वाट बघितली," इरम्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मग म्हणलं, आपणच जावं. बाजार बी व्हतो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझा शिवा सांगायचा, वर आपल्याकडचा एक माणूस बसतो म्हणून. असं बोट केलं की त्यो उचलतो." तिनं एक बोट वर करून हवेत गोल फिरवलं. खूण अगदी बरोबर होती. "घरात बी करून दाखवायचा. मला म्हणायचा, अव्वा, तू वर बस, मी खुणा करतो. मी कुठं बसू वर? आमच्या घराला माळा बी न्हाई."

नूरुन्निसा हसली आणि तिचे डोळे भरले. सादिक इरम्माच्या बोटाकडं बघत राहिला.

"मला काय कळंना झालंय बघ," इरम्मा म्हणाली. "लोकं सांगत्यात वरनं पडलं. वरनं म्हंजे कुठनं? किती वरनं? माझ्या ध्येनात काय येत न्हाई. तू वर व्हतास. तू सांग."

सादिक म्हणाला, "आत या, मावशी."

त्यानं तिला केबिन दाखवली. इरम्मानं त्या पांढऱ्या चौकटीला हात लावून बघितला. तो काही बोलायच्या आत तिनं पदर खोचला आणि नूरुन्निसाच्या खांद्याला धरून पायऱ्या चढली. खुर्चीत बसली. पाय अधांतरी राहिले, ते नूरुन्निसानं आडव्या पट्टीवर टेकवून दिले.

"खाली बघा," सादिक म्हणाला.

इरम्मानं दोन पायांच्या मधून खाली बघितलं आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली. "अय्यो!" खाली खोल अंगण होतं, सळयांचे ढीग, मुंग्यांसारखी वाहनं.

"असं बसायचास व्हय रं दिवसभर?"

"व्हय."

"आन् माझा शिवा कुठं उभारायचा?"

सादिकनं बाजूनं वाकून पडद्यावर बोट ठेवलं. ढिगाशेजारी पिवळी टोपी घातलेला एक माणूस उभा होता. इरम्मा बराच वेळ त्या ठिपक्याकडं बघत होती. 

"लई ल्हान दिसतंय," ती म्हणाली.

"वरनं असंच दिसतंय."

"मला सांग, शेवटी काय बोलला का त्यो?"

"भारा उचलायच्या आधी बोलला. वॉकीटॉकीवर म्हणाला, एवढं झालं की या खाली, चहा आलाय."

इरम्मानं मान हलवली. ते तिला पटल्यासारखं दिसलं. "चहाचं लई यड त्याला."

आणि मग, कुणी विचारलं नसताना, सादिक म्हणाला, "पट्टा तुटला तवा त्यानं वर बघितलं. माझ्याकडं. त्याचं तोंड मला रोज दिसतंय."

नूरुन्निसानं त्याच्याकडं वळून बघितलं. हे ती पहिल्यांदा ऐकत होती.

इरम्मा पुन्हा खाली वाकली. डोळे बारीक करून तिनं त्या ठिपक्याकडं बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"इथनं?" तिनं विचारलं. "इथनं तर नुसती टोपी दिसतीया, बाबा. तोंड कुठं दिसतंय?"

"हा खेळ हाय, मावशी. खऱ्यात..." सादिक बोलता बोलता थांबला.

खऱ्यातही दिसत नसे. एवढ्या वर्षांच्या कामात त्याला खालच्या माणसाचं तोंड कधी दिसलं नव्हतं. वरून टोपी दिसायची, खांदे दिसायचे, हात दिसायचे. कोण आहे ते चालण्यावरून ओळखावं लागायचं. मुकादम पाय ओढत चालायचा, शिवशंकर उड्या मारल्यासारखा. तोंड बघायला खाली उतरावं लागायचं. मग हा चेहरा कुठला? त्यानं आठवून बघितलं. मोठे डोळे, काही विचारल्यासारखे. तो चहाच्या गाड्यावरचा होता. ग्लास पुढं करून शिवशंकर रोज तसंच विचारायचा, साखर बरोबर हाय का बघा, म्हणून.

"दिसत न्हाई," सादिक म्हणाला. "खऱ्यात बी दिसत न्हाई."

"मग? त्यानं बघितलं का न्हाई, ते तुला कसं ठावं?" इरम्मा म्हणाली. "घाई घाईत गेलं आसंल लेकरू. काय कळलं बी नसंल." हे ती त्याला सांगत होती की स्वतःला, ते कळत नव्हतं. तिनं खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "उतरीव मला आता. गरगराय लागलंय."

नूरुन्निसानं पोळ्या लाटल्या. इरम्मानं घरातलं कालवण नको म्हणून फक्त दही-पोळी खाल्ली, पण पोटभर खाल्ली. सादिक शेजारी बसून जेवला. मोकळं झालं, हलकं झालं, असं त्याला काही वाटलं नाही. पाण्याचा तांब्या उचलताना मात्र अंगठ्याची जुनी चीर दुखली. तो हाताकडं बघत राहिला.

इरम्मा निघाली तेव्हा तो म्हणाला, "मी सोडतो." घरी आल्यापासून त्यानं मोटरसायकल काढली नव्हती. आसिफला बोलवून चाकात हवा भरावी लागली. इरम्मा मागं आडवी बसली, एका हातात पिशवी, दुसरा हात त्याच्या खांद्यावर. हायवेला मोठमोठे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि दर वेळी तिची बोटं खांद्यात रुतत होती. तो कडेकडेनं, बैलगाडीच्या चालीनं गाडी नेत होता.

"मावशी, घट्ट धरलंय न्हवं?"

"धरलंय. तू म्होरं बघ."

जळकोटात तिचं घर गल्लीच्या टोकाला होतं, पुढं शहाबादी फरशीचा ओटा. ती म्हणाली, "आत ये." तो आत गेला. भिंतीवर शिवशंकरचा फोटो होता, लग्नाच्या मोसमात कुणाच्या तरी वरातीत काढलेला, फेटा बांधलेला. सादिकनं तो नीट बघितला. मग इरम्मानं बाज टाकली आणि म्हणाली, "टेक जरा, शेंगा भाजते." तो टेकला. चुलीवर शेंगांचा वास सुटला. ती काही तरी सांगत होती, शेताच्या बांधाचं, की शेजारणीच्या म्हशीचं. तो हुंकार देत होता. देता देता थांबला.

दिवस कलला तरी तो परतला नाही, म्हणून नूरुन्निसानं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर कुणी तरी उचलला.

"कोण?" पलीकडून इरम्मा विचारत होती. फोन बहुतेक तिनं उलटा धरला होता.

"मी नूरुन्निसा, मावशी. हे निघाले का तिथनं?"

"निजलाय गं," इरम्मा आवाज बारीक करून म्हणाली. "शेंगा बी खाल्ल्या न्हाईत. बसल्या बसल्याच आडवा झाला. उठवू का?"

नूरुन्निसा व्हरांड्यात दिवाणावर बसली होती. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नका उठवू," ती म्हणाली. "उठले की जेवायला घाला तेवढं. आन् मीठ बघायला सांगा."